किमोनो नेसायला क्लास कधीपासून लागायला लागला?

जपानमध्ये किमोनो नेसायचे चक्क क्लास असतात, त्या कलेला 'कित्सुके' म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हे पिढ्यानपिढ्या असंच चालत आलंय, पण तसं अजिबात नाहीये. पूर्वी आई-आजीचं बघून मुली शिकायच्या. (मी मुद्दाम 'नेसणं' म्हणतेय, कारण याला ना बटण ना हूक, सगळा खेळ घड्यांचा आणि नाड्यांचा.)

नियम मात्र खरंच जुने आहेत. 719 साली दरबारातून फर्मान निघालं की उजवी बाजू आत आणि डावी तिच्यावरून घ्यायची, चीनमधल्या थांग राजवटीची रीत होती ती, आणि आजही बाई असो की पुरुष, सगळे तेच पाळतात. उलटं नेसवतात ते फक्त मयताला. म्हणून एखादा पर्यटक हौसेने उजवी बाजू वर घेऊन फोटो काढत असतो तेव्हा बघणाऱ्याच्या काळजात चर्र होतं.

आजचा किमोनो ज्या कोसोदेपासून आला तो दरबारी लोकांचा मुळात आतला कपडा, मुरोमाची काळापर्यंत (चौदावं ते सोळावं शतक) तो हळूहळू बाहेर आला. आता किमोनोच्या आत घालतात त्याला 'जुबान' म्हणतात, आणि हे मला फार आवडतं, तो शब्द पोर्तुगीजांकडून जपानीत गेला आणि पोर्तुगीजांनी तो अरबी 'जुब्बा'वरून उचललेला, म्हणजे आपला जुब्बा आणि त्यांचा जुबान चुलत भावंडंच की! ती पोर्तुगीज जहाजं गोव्याहूनच मकावमार्गे नागासाकीला जायची.

एदो काळात (1603 ते 1868) खात्यापित्या घरातल्या बायका घरात किमोनोचा घोळ जमिनीवर लोळता ठेवायच्या आणि बाहेर पडताना वर खोचायच्या. त्यानंतरच्या मेइजी काळापासून ती खोचलेली घडीच कायमची झाली, तिला 'ओहाशोरी' म्हणतात. शिकताना सगळ्यात जास्त रडवते ती हीच. आधी खालची कड घोट्यापाशी धरायची, कमरेला नाडी करकचून बांधायची, मग काखेखालच्या फटीतून दोन्ही हात आत घालून वर उरलेलं कापड पुढून-मागून सपाट करायचं, आणि एवढं करून ओबी (कमरेचा रुंद पट्टा) बांधेपर्यंत परत सगळं फुगतं.

आईकडून मुलीने शिकायची साखळी तुटली ती दुसऱ्या महायुद्धात. बायकांच्या अंगावर 'मोंपे' नावाच्या ढगळ विजारी आल्या, आणि युद्धानंतर उपासमार इतकी की शहरातल्या बायकांनी खेड्यात जाऊन एकेक किमोनो देऊन तांदूळ आणले. बांबूच्या कोंबाची सालं एकामागून एक सोलावीत तसं, म्हणून त्याला 'ताकेनोको' जगणं म्हणायचे. पुढे 1960 च्या दशकात हातात पैसा आला, लग्नाला नि विसाव्या वर्षाच्या समारंभाला किमोनो घेता यायला लागला, पण नेसवणार कोण? मुली फ्रॉक-स्कर्टमध्ये वाढलेल्या, आयांचीही सवय सुटलेली. तेव्हा किमोनो नेसायला शिकवणाऱ्या शाळा निघाल्या, त्यातलीच एक नोरिओ यामानाका यांनी 1964 मध्ये काढलेली.

माझं मत विचाराल तर आजचा कडकपणा इथून आला. क्लास म्हटला की एकच 'बरोबर' पद्धत लागते, एक सुरकुती चालत नाही. जुने फोटो बघा, गळा सैल, ओबी खाली सरकलेली, पाठीवर पोर, आणि बाई आपली कामात. ऋतूचंही तसंच, ऑक्टोबर ते मे अस्तराचा, जून आणि सप्टेंबर या दोन महिन्यांत बिनअस्तराचा, जुलै-ऑगस्ट झिरझिरीत, हे दरबारापासूनचं आहे खरं, पण आता मेमध्येच एवढं उकडतं की बरेच जण जूनची वाट न बघता सरळ बिनअस्तराचा काढतात.