कारगिलची ध्वनिफीत आणि तिच्यामागचा इतिहास

11 जून 1999. परराष्ट्रमंत्री जसवंत सिंह यांनी दोन टेलिफोन संभाषणे जाहीर केली. बीजिंगला गेलेले पाकिस्तानी लष्करप्रमुख परवेझ मुशर्रफ आणि पाकिस्तानात असलेले लेफ्टनंट जनरल मोहम्मद अझीझ 26 आणि 29 मे रोजी कारगिलबद्दल मोकळेपणाने बोलत होते. डोंगरावर बसलेले मुजाहिदीन आहेत, आपला त्यांच्याशी संबंध नाही, हा पाकिस्तानचा दावा त्या बोलण्याने उघडा पडला. दुसऱ्याच दिवशी पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री सरताज अझीझ दिल्लीत येणार होते, म्हणजे वेळही नेमकी साधलेली.

पण चोरून ऐकलेले असे चारचौघांत वाजवले की समोरचा सावध होतो. पुन्हा त्या लाइनवर कोण बोलणार? फीत बाहेर काढायला नको होती, असे म्हणणारे आजही आहेत. मला तो सौदा वाजवी वाटतो. भारताने नियंत्रण रेषा ओलांडली नाही, त्यामुळे जगाला आपली बाजू पटवणे हाही लढाईचाच भाग होता.

ही फीत हाती देणारी 'रॉ', म्हणजे भारताची परदेशातली हेरगिरी पाहणारी संस्था, स्वतःच फसगतीतून जन्मली. 1962 आणि 1965 च्या युद्धांत परदेशातल्या हेरगिरीतले दुबळेपण उघडे पडले; तोवर घरचे-बाहेरचे सगळे काम एकट्या इंटेलिजन्स ब्युरोकडे होते. सप्टेंबर 1968 मध्ये बाहेरचे काम वेगळे काढून रामेश्वरनाथ काव यांच्याकडे सोपवले गेले.

तरीही कारगिलमध्ये घुसखोरीचा पहिला सुगावा लागला तो मे महिन्यात, बटालिककडच्या मेंढपाळांकडून. कारगिलचा आढावा घेणाऱ्या के. सुब्रह्मण्यम समितीने मागचे कागद तपासले, तेव्हा जून 1998 मध्ये ब्युरोने पलीकडच्या हालचालींबद्दल पत्र धाडल्याचे आढळले. ते पंतप्रधान, गृहमंत्री आणि लष्करी कारवाई महासंचालकांपर्यंत पोचले; 'रॉ' आणि संयुक्त गुप्तवार्ता समिती यांना मात्र थेट गेलेच नाही. ज्यांनी तुकडे जुळवायचे, नेमके तेच यादीबाहेर!

पुढे 2002 मध्ये तिन्ही दलांची संरक्षण गुप्तवार्ता संस्था आणि 2004 मध्ये तांत्रिक टेहळणीसाठी 'एनटीआरओ' आली. समितीचा अहवाल फेब्रुवारी 2000 मध्ये संसदेत मांडला गेला, तोही सुरक्षेच्या कारणास्तव काही मजकूर गाळून.