कुत्र्याच्या भुकेतले बदल

पाळीव कुत्र्याची भूक मंदावणं, वाढणं किंवा त्याने भलतंच काही खाणं. पशुवैद्यकात हा आजार धरत नाहीत, लक्षण धरतात.

भूक कमी वाटली की आधी बघायचं ते हे, की खायची इच्छाच नाहीये की खाता येत नाहीये, कारण दात दुखत असेल तर कुत्रा भांड्यापाशी येतो, वास घेतो आणि मागे फिरतो. लाळ गळतेय आणि गिळता येत नाहीये तर हाड अडकलं समजून तोंडात हात घालू नये, भारतात तरी रेबीजचा संशय आधी घ्यावा. इच्छाच गेली असेल तर गोचीडताप, पिल्लांत पार्वो हा विषाणूचा आजार, म्हाताऱ्या कुत्र्यांत किडनी, आणि ऑपरेशन न झालेल्या मादीत माजानंतर महिना-दोन महिन्यांत गर्भाशयात होणारा पू, ही नेहमीची कारणं. उन्हाळ्यात थोडं कमी खाणं चालतं.

भूक वाढते ती मधुमेह, कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार) किंवा स्टेरॉइडच्या गोळ्यांमुळे. खाऊनही वजन उतरत असेल तर मधुमेह आणि स्वादुपिंडाचा बिघाड तपासतात, यातला दुसरा जर्मन शेफर्डमध्ये जास्त.

लॅब्राडोरच्या हावरटपणाचं खापर पूर्वी मालकाच्या लाडांवर फुटायचं. २०१६ मध्ये केंब्रिजच्या एलेनॉर राफन आणि सहकाऱ्यांना सुमारे पाव लॅब्राडोरमध्ये पीओएमसी या भुकेशी संबंधित जनुकातला १४ बेस-जोड्यांचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा गायब दिसला. २०२४ च्या त्यांच्याच अभ्यासानुसार असे कुत्रे पोट भरायला जास्त खात नाहीत, पण त्यांना दोन जेवणांच्या मधे लवकर भूक लागते आणि आराम करताना त्यांची ऊर्जाही साधारण २५ टक्के कमी खर्च होते. मदतनीस कुत्र्यांत हा बदल जास्त सापडला, खाऊ देऊन शिकवणं सोपं जातं म्हणून तेच निवडले गेले असावेत.

पोळी-भात पचवायची ताकद कधी आली हा वादाचा मुद्दा. स्टार्च पचवणाऱ्या एएमवाय२बी जनुकाच्या लांडग्यात बहुधा २ प्रती असतात, कुत्र्यात ४ ते ३०, असं २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं, आणि शेतीच्या सुरुवातीला उरलंसुरलं खाऊनच लांडग्याचा कुत्रा झाला असं सुचवलं. पण डिंगो (ऑस्ट्रेलियातला रानटी कुत्रा) आणि हस्कीत प्रती कमीच असतात, आणि प्राचीन डीएनएत वाढलेल्या प्रतींचा पुरावा साधारण ७,००० वर्षांमागे जातो तर कुत्रा माणसाळला तो बहुधा १५,००० वर्षांपूर्वी किंवा त्याआधी. तेव्हा आधी कुत्रा, मग स्टार्च, हा क्रम जास्त पटतो.

माती-चुना चाटणाऱ्यात जंत आणि रक्तक्षय बघतात. गवत खाणं बहुतेकदा नॉर्मल.