बीजाचं बाळ आणि आपलं बाळ

दोन पातेली, दोन्हींत सारखंच पाणी, सारखंच पीठ. चमच्याने मोजून घातलं होतं, म्हणून खात्रीने सांगते. एका पातेल्यात नाचणीचं साधं पीठ, दुसऱ्यात मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं. साधं पीठ शिजलं तसं इतकं घट्ट झालं, की त्यात चमचा उभा राहावा. दुसरं मात्र पूर्ण शिजूनही पळीवाढंच राहिलं. चाखून पाहिलं, तर त्यात साखरेचा कण नसताना हलकीशी गोडी होती.

सासूबाईंना यात काहीच नवल वाटलं नाही. "मोडाचं पीठ घट्ट होत नाही गं, म्हणून तर बाळाला द्यायचं," एवढंच त्या म्हणाल्या. आमचं बाळ तेव्हा सात महिन्यांचं होतं. त्या दिवसापासून मी सत्त्वाच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या नाचणीच्या पिठाच्या, मागे लागले. आधी खिरीसाठी आणि नंतर ओव्हनमध्ये, कारण बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला घरीच, साखरेशिवाय केक करायचा हे मनात पक्कं होतं.

नाचणीच्या दाण्यात दोन भाग महत्त्वाचे. एक इवलासा अंकुर, आणि बाकीचा बहुतेक दाणा म्हणजे त्या अंकुरासाठी साठवलेला पिष्टाचा डबा. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या हजारो कड्यांची साखळी. साठवायला ती उत्तम, कारण ती थंड पाण्यात विरघळत नाही आणि वर्षानुवर्षं टिकते. पण अंकुराला ती तशीच खाता येत नाही. दाणा भिजला, की अंकुर जिबरेलिन नावाचा संदेश पाठवतो. पिष्टाभोवतीच्या पेशींच्या थराला तो पोचतो आणि तिथे अमायलेज हे विकर (एन्झाइम) तयार होऊ लागतं. अमायलेज त्या साखळ्या तोडतं, आणि तुकड्यांतून माल्टोज ही साखर निघते. म्हणजे पान फुटून उन्हातून अन्न मिळू लागेपर्यंत बीज आपल्या बाळासाठी पातळ, गोड, पचायला सोपं खाणं स्वतःच तयार करतं. आपण ते काम निम्म्यावर थांबवतो, मोड आलेला दाणा वाळवतो आणि ते खाणं आपल्या बाळाला भरवतो. हे मला जितक्या वेळा आठवतं, तितक्या वेळा भरून येतं.

आता पातेल्यातला फरक कळतो. साध्या पिठातल्या लांब साखळ्या गरम पाण्यात फुगतात, एकमेकींत अडकतात, पाणी धरून ठेवतात. मोडाच्या पिठात त्या आधीच थोड्या तुटलेल्या असतात, आणि पातेलं हळूहळू तापताना अमायलेज उरलेल्याही तोडत जातं. जाळं विणलंच जात नाही.

बाळासाठी याचा अर्थ मोठा आहे. बाळाच्या पोटात एका वेळी दर किलो वजनामागे साधारण ३० मिलिलिटर मावतं. आठ किलोचं बाळ असेल, तर एक-दीड वाटी. आईच्या दुधात १०० मिलिलिटरमागे ६५ ते ७० किलोकॅलरी असतात. साध्या पिठाची पेज बाळाला गिळता येईल इतकी पातळ करायची, तर १०० मिलिलिटरमध्ये जेमतेम ६-७ ग्रॅम पीठ जातं, म्हणजे पंचवीसेक किलोकॅलरी. पोट पेजेने भरतं आणि ताकद मात्र दुधापेक्षाही कमी मिळते. मोडाच्या पिठाने हेच कोडं सुटतं. पीठ तिप्पट घाला, तरी खीर ओघळती राहते.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात यावर पद्धतशीर काम केलं. घट्ट शिजवलेल्या लापशीत मोड आणून वाळवलेल्या धान्याचं अगदी थोडं पीठ, चमचाभरच, ढवळलं तरी ती पातळ होते, हे त्यांनी मोजून दाखवलं. सगळं धान्य मोडाचं असायची गरजही नाही. कुपोषणाशी झगडणाऱ्या देशात या चमचाभर पिठाची किंमत किती असेल! शिवाय सहा महिन्यांच्या बाळाच्या स्वादुपिंडातून येणारं अमायलेज अजून अपुरंच असतं. आईच्या दुधातलं आणि लाळेतलं अमायलेज ती उणीव थोडी भरून काढतं. मोडाचं पीठ त्या कामाला हातभार लावतं.

नाचणीचं दुसरं कौतुक कॅल्शियमचं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गव्हाच्या कितीतरी पट. पण त्यातलं बरंचसं बाहेरच्या सालीजवळ असतं, आणि सत्त्व वस्त्रगाळ करताना नेमकी तीच साल मलमलच्या वर राहते. सालीत लोह-जस्ताला अडवून धरणारी फायटेट आणि टॅनिनही असतात, त्यामुळे गाळण्यात फायदाही आहे. मोड येतानाच फायटेज हे विकर फायटेट तोडू लागतं, हा आणखी एक लाभ. मी तोडगा असा काढला, की खीर सुरू केल्यावरचे पहिले दोन महिने वस्त्रगाळ, आणि बाळ चावायला शिकल्यावर फक्त बारीक चाळणीने चाळलेलं.

आता केक. पहिला केक मी संपूर्ण मोडाच्या पिठाचा केला. तो फुगला, मग मधोमध बसला आणि कापला तर सुरीला लगदा चिकटून आला. बाहेरून भाजलेला, आतून गोंद. ओव्हन बिघडला असं आधी वाटलं, पण कारण तेच होतं, जे खिरीत वरदान ठरलं होतं. केकचं पीठ तापून ६५-७० अंशांवर पोचलं, की पिष्ट फुगून केकचा सांगाडा उभा राहायला लागतो. अमायलेजलाही नेमका तेव्हाच जोर चढतो, आणि साधारण ७५-८० अंशांच्या पुढे ते निकामी होतं. त्या मधल्या काही मिनिटांत ते सांगाडाच पोखरून टाकतं. त्यात नाचणीत ग्लुटेन नाही. गव्हाची कणीक भिजवली, की ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिनं मिळून लवचीक जाळी बनते, ती सोड्याचे बुडबुडे धरून ठेवते. नाचणीच्या केकला हा आधारही नव्हता.

मग मी कामांची वाटणी केली. पाऊण वाटी साध्या नाचणीच्या पिठाची पाण्यात पातळसर उकड काढली. बोट क्षणभर टेकवता येईल इतपत ती निवली, की दोन चमचे मोडाचं न भाजलेलं पीठ घालून ढवळलं. झाकून वीस मिनिटं ठेवलं. झाकण काढलं तेव्हा उकडीची कढी झाली होती, आणि चवीला गोड. हेच मिश्रण पुन्हा एकदा उकळून घ्यायचं. म्हणजे गोडी राहते, अमायलेज मात्र निकामी होतं आणि केकचा सांगाडा वाचतो. कच्च्या पिठात जंतू असू शकतात, त्यांचाही बंदोबस्त होतो. ते गार झालं, की वाटीभर गव्हाचं पीठ, दोन केळी, अर्धी वाटी दही, एक अंडं, दोन चमचे साजूक तूप आणि पाव चमचा सोडा. दह्यातलं आम्ल सोड्यातून कार्बन डायऑक्साइड मोकळा करतं. पाव चमचा सोड्यातून सोडियम येतं तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, ते बारा तुकड्यांत वाटलं जातं. मीठ अजिबात घालत नाही. (अंडं किंवा गहू बाळाला पहिल्यांदाच देणार असाल, तर केकमधून नको. वेगवेगळ्या दिवशी थोडं थोडं देऊन बघा.)

मोडाचं पीठ भाजू नका, हे इथे महत्त्वाचं. खमंग भाजलेलं सत्त्व खिरीला छान, पण जोरात भाजताना अमायलेज मरतं आणि उकड पातळ करायची ताकद जाते. पावसाळ्यात मोड आणायचे तर वाळवण नीट होईल याची खात्री असेल तरच. ओलसर राहिलेल्या दाण्यावर बुरशी धरते, आणि असं पीठ बाळाला तर नाहीच, कुणालाच द्यायचं नाही.

केळी मात्र काळे ठिपके पडलेलीच घ्यायची. हिरव्या केळ्याच्या गरात पाचवा हिस्सा तरी पिष्ट असतं. पिकताना तिथेही अमायलेज आणि त्याची भावंडं कामाला लागतात आणि पूर्ण पिकल्यावर पिष्ट एक-दोन टक्केच उरतं, बाकी सगळं साखर. फळवाला जे केळं स्वस्तात देतो, ते केकसाठी सगळ्यात गोड.

गोडीचा विषय निघाला, की घरातलं प्रत्येक माणूस पर्याय सुचवतं. साखर नको तर गूळ घाल. पण गूळ म्हणजे मुख्यतः सुक्रोजच, साखरेतलीच साखर. रंग आणि चव वेगळी, खनिजं थोडी जास्त, पण बाळाला द्यायच्या चिमूटभर गुळातून मिळणारं लोह नगण्य. खजुरातही दोन-तृतीयांश साखर असते, म्हणून मी एखाद-दुसराच घालते. माल्टोजही साखरच आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तिची गोडी नेहमीच्या साखरेच्या निम्म्याहून कमी असते आणि अशा उकडीतून ती थोडीच निघते. बाळाच्या जिभेला या मंद गोडीची ओळख व्हावी, इतकीच माझी इच्छा.

मधाबद्दल मात्र मी हट्टी आहे. बाळगुटी सहाणेवर मधात उगाळून चाटवायची रीत आपल्याकडे घराघरांत आहे, आणि ती प्रेमानेच पाळली जाते. पण मधात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यांत त्यांना थारा मिळत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यांतली जिवाणूंची वस्ती अजून नीट बसलेली नसते, तिथे ते रुजतात आणि विष तयार करतात. आधी बद्धकोष्ठ, मग रडणं क्षीण होतं, दूध ओढता येत नाही, मान आणि अंग लुळं पडतं. हा आजार १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात पहिल्यांदा ओळखला गेला.

"पण केकमध्ये तर भाजून निघेल ना?" असं जाऊबाईंनी विचारलं, आणि प्रश्न अगदी रास्त होता. ओव्हन १८० अंशांवर असतो, पण केकचा आतला भाग शंभरच्या वर जातच नाही. आत पाणी आहे तोवर सगळी उष्णता त्याची वाफ करण्यात खर्च होते. हे बीजाणू शंभर अंशांवर तासन्‌तास तग धरतात. ते मारायला वाफेच्या दाबाखाली १२१ अंश लागतात. त्यामुळे भाजलेल्या केकमधला मधही वर्षाच्या आतल्या बाळाला नाही.

केकच्या पाठीचं गणित उलटं. तिथलं पाणी उडून गेलेलं असतं, म्हणून ती शंभरच्या बरीच वर जाते आणि तपकिरी होते. साखर आणि प्रथिनांचे घटक यांच्यातली ही अभिक्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये मांडली. खमंग वास सगळा तिचाच. पण १२० अंशांच्या पुढे, कोरड्या जागी, अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल आणि माल्टोज-ग्लुकोजसारख्या साखरा यांच्यातून अ‍ॅक्रिलामाइडही तयार होतं. ते खाण्यात असतं हे २००२ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. जास्त प्रमाणात ते घातक ठरू शकतं या शंकेने युरोपीय संघाने बाळांच्या बिस्किटांसाठी किलोमागे १५० मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक पातळी ठरवली आहे. मोडाच्या पिठात माल्टोज जास्त, म्हणून ते लवकर करपतं. आणि नाचणी मुळातच तपकिरी, त्यामुळे रंगावरून काही कळत नाही. मी ओव्हन १६० वर ठेवते, काडी खुपसून पाहते आणि करपट वास यायच्या आत बाहेर काढते. दात येताना चघळायला कडक बिस्किटं करण्यापेक्षा मला ओलसर केकच बरा वाटतो. त्यात तुकडा मोडून घशात अडकण्याची भीतीही कमी.

एवढा खटाटोप कशासाठी, असं मैत्रीण म्हणाली. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांपर्यंत जास्त साखरेचं खाणं आणि गोड पेयं देऊ नका असं सांगते, हे मी तिला सांगितलं, पण तिला पटलं ते ब्रिटनचं उदाहरण. दुसऱ्या महायुद्धापासून तिथे साखर रेशनवर होती. सप्टेंबर १९५३ मध्ये ते रेशनिंग उठलं आणि मोठ्या माणसांचं साखर खाणं थोड्याच काळात जवळजवळ दुप्पट झालं. त्याच्या अलीकडे-पलीकडे जन्मलेल्या साठ हजारांहून अधिक लोकांच्या आरोग्याच्या नोंदी संशोधकांनी ताडून पाहिल्या आणि २०२४ मध्ये निष्कर्ष मांडले. गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत ज्यांना साखर कमी मिळाली, त्यांच्यात पुढे मधुमेहाचा धोका साधारण ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा २० टक्क्यांनी कमी आढळला. पन्नास-साठ वर्षांनंतर!

बाळ गोडाची आवड घेऊनच जन्मतं, आईचं दूधही गोडसरच असतं. ती आवड मोडायची नाही. कारल्यासारखी चव मात्र आठ-दहा वेळा भरवल्यावरच रुजते, आणि तेवढा धीर धरणं केक भाजण्यापेक्षा अवघड आहे.

वाढदिवसाच्या सकाळी सासूबाईंनी नाचणीची नवी पुरचुंडी सोडली. दाण्यादाण्यातून पांढरे मोड डोकावत होते. बाळ ओट्याशी कडेवर होतं. त्याने मूठभर मोड उचलले, निरखून पाहिले आणि तोंडाकडे नेले. मी हात धरला. केक अजून ओव्हनमध्ये होता, पंधरा मिनिटं बाकी होती.