व्हिनिअर आणि बाँडिंग (दंतोपचार)

पुढच्या दातांचा रंग, आकार, मधली फट किंवा तुटलेली कड सुधारण्यासाठी दाताच्या दर्शनी बाजूवर पातळ थर चिकटवण्याचे दोन उपचार. बाँडिंगमध्ये दंतवैद्य काँपोझिट हे मऊ, राळयुक्त द्रव्य थेट दातावर लावतो, हवा तसा आकार देतो आणि निळ्या प्रकाशाने ते कडक करतो. काम बहुधा एकाच बैठकीत उरकते. व्हिनिअर म्हणजे लॅबमध्ये घडवलेले, बहुतेक वेळा पोर्सिलेनचे, साधारण ०.३ ते ०.७ मिमी. जाडीचे कवच. पुण्यातल्या दवाखान्यांत त्याला सर्रास ‘लॅमिनेट’ म्हणतात. कॅप बसवताना दात चहूबाजूंनी कापावा लागतो, तसे या दोन्हींत होत नाही. काम चांगले झाले की वाईट, याचा निकाल जाहिरातीतल्या ब्रँडपेक्षा तीन गोष्टींवर लागतो: एनॅमल (दाताचे वरचे टणक आवरण) किती राखले, चिकटवताना दात किती कोरडा होता आणि आधी हिरड्या निरोगी केल्या की नाही.

इतिहास

कॅलिफोर्नियातील दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी १९२८ च्या सुमारास चित्रपटातील नटांसाठी अशी कवचे प्रथम बनवली. ती चित्रीकरणापुरतीच बसवायची आणि नंतर काढून ठेवायची, कारण कायमचे चिकटवण्याचा उपायच नव्हता. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी फॉस्फरिक आम्लाने एनॅमल खरखरीत केल्यास राळ त्याला घट्ट धरते, हे दाखवले. १९६२ मध्ये राफाएल बोवेन यांची बिस-जीएमए राळ आली. आजची बहुतेक काँपोझिट तिच्याच वंशातली. पोर्सिलेनलाही हायड्रोफ्लोरिक आम्लाने तसेच खरखरीत करता येते, हे सायमन्सन आणि कॅलामिया यांनी १९८३ मध्ये मांडले आणि व्हिनिअर खऱ्या अर्थाने टिकाऊ झाले. म्हणजे आधी कवच आले आणि चिकटण्याची सोय व्हायला अर्धे शतक लागले. आजही फसलेले काम तपासले, तर दोष कवचात कमी आणि चिकटण्यात जास्त सापडतो.

दात आणि थर यांची पकड

सुमारे ३७ टक्के फॉस्फरिक आम्लाचे जेल एनॅमलवर १५ ते ३० सेकंद ठेवून पाण्याने धुतात. हवेने वाळवल्यावर चकाकणारा दात खडूसारखा पांढुरका, निस्तेज दिसू लागतो. हा निस्तेजपणा सगळीकडे सारखा दिसला नाही, तर पुढे जाऊ नये. आम्लाने पडलेल्या सूक्ष्म छिद्रांत चिकटवणारा राळेचा द्रव झिरपतो आणि प्रकाश पडताच तिथेच अडकून बसतो. एनॅमल जवळजवळ सगळे खनिजच असल्याने ही पकड वर्षानुवर्षे टिकते. त्याच्या आतल्या डेंटिनमध्ये पाणी आणि कोलॅजन असते. तिथली पकड मुळात नाजूक आणि काळाबरोबर ढिली होणारी.

दाताच्या मानेशी एनॅमल जेमतेम ०.३ ते ०.५ मिमी. असते. तिथे घासताना हात थोडा जड पडला की डेंटिन उघडे पडलेच. म्हणून ‘डॉक्टर, घासावं लागेल का?’ या प्रश्नाला सरसकट ‘नाही’ असे उत्तर मिळाले, तर ते विक्रीचे उत्तर समजावे, आणि ‘सगळ्यांचं घासावंच लागतं’ हे आळसाचे. आत झुकलेल्या किंवा बारीक दाताला कधी काहीच घासावे लागत नाही. पुढे आलेल्या, गडद दाताला अर्धा मिमी. किंवा थोडे जास्तही लागते.

थुंकीचा एक थेंब आम्ल लावलेल्या भागावर आला की छिद्रे बुजतात आणि तो भाग पुन्हा आम्ल लावून धुवावा लागतो. श्वासातली वाफसुद्धा नडते. यासाठी रबर डॅम, म्हणजे दातांभोवती ताणून बसवलेला रबरी पडदा, वापरतात. रुग्णाला तो कटकटीचा वाटतो, वेळही खातो, पण दवाखान्याची पारख करायची तर ‘रबर डॅम लावता का?’ हा एक प्रश्न पुरेसा बोलका आहे. हिरडीतून रक्त येत असेल तर डॅम लावूनही कोरडेपणा राखणे अवघड. कीटण काढून, ब्रश-फ्लॉसची सवय लावून हिरड्या दोन-तीन आठवडे शांत होऊ द्याव्या लागतात. ही पायरी गाळलेल्या कामाच्या कडेला पुढे काळी रेघ किंवा सूज दिसते.

पुण्यातील रुग्ण

पुण्यात शिक्षण आणि नोकरीसाठी राज्यभरातून माणसे येतात, त्यामुळे इथल्या खुर्चीत दातांच्या नाना तऱ्हा बसतात. विदर्भ-मराठवाड्यातील काही भागांत, विशेषतः यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड, बीड या जिल्ह्यांत, विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळते (पर्यायी स्रोत नसल्यास भारतीय मानकाची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम). तिथे बालपण गेलेल्यांच्या दातांवर पांढरे ढग किंवा तपकिरी पट्टे असतात. अशा एनॅमलवर आम्ल सावकाश चढते, म्हणून ते जास्त वेळ ठेवतात. डाग वरवरचे असतील तर आधी मायक्रोअॅब्रेजन (डागाचा अगदी पातळ थर घासून काढणे) आणि ब्लीचिंग करून पाहणे शहाणपणाचे. कित्येकांना त्यापुढे काही लागतच नाही. मिशरी लावणाऱ्या वयस्क बायकांची अडचण वेगळी. डाग तर असतातच, शिवाय हिरड्या खाली सरकून मुळे उघडी पडलेली असतात. मिशरी सुटल्याशिवाय त्यांच्या दातांवर बाँडिंग करणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

तिसरा गट लग्नघरचा. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात आणि फोटोआधी पटाशीच्या दातांमधली फट बुजवून घ्यायला वधू-वर येतात. गणित साधे आहे. ब्लीचिंग करायचे असेल तर ते आधी, कारण नंतर व्हिनिअरचा रंग बदलता येत नाही. ब्लीचिंगनंतर दातात अडकलेला ऑक्सिजन राळेला नीट कडक होऊ देत नाही, म्हणून साधारण दोन आठवडे थांबायचे. मग माप, लॅबचे काम, ट्रायल. सगळे धरून दोन महिने हाताशी असावेत. हळदीच्या आदल्या आठवड्यात आलेल्याला प्रामाणिक दंतवैद्य दात साफ करून, फार तर एखादी तुटलेली कड बाँडिंगने भरून परत पाठवतो.

ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांचा मार्ग आहे. धनकवडीतील भारती विद्यापीठ, पिंपरीतील डी. वाय. पाटील, वडगाव बुद्रुक येथील सिंहगड आणि कॅम्पातील आझम कॅम्पसवरचे रंगूनवाला अशी महाविद्यालये शहर परिसरात आहेत. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, पण प्रत्येक पायरी तपासली जाते, हा घाईच्या खासगी कामापेक्षा फायदाच.

रंग आणि आकार

रंग कामाच्या सुरुवातीला ठरवावा, शेवटी नव्हे. तोंड उघडे राहून दात वाळला की तो मूळ रंगापेक्षा पांढरा दिसतो. त्यावरून शेड घेतली तर नवा दात घरी गेल्यावर वेगळा उठून दिसतो. व्हिटा क्लासिकल या प्रचलित रंगपट्टीत ए१ ते डी४ अशा १६ शेड असतात. लिपस्टिक पुसून, खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात पट्टी दाताशेजारी धरून पाहतात. बऱ्याच जणांना ‘एकदम पांढरे’ दात हवे असतात. पण खरा दात मानेशी पिवळसर, मध्ये भरीव आणि टोकाशी किंचित निळसर-पारदर्शक असतो. एकाच सपाट पांढऱ्या रंगाचे आठ-दहा दात लावले की चारचौघांत कवळी ओळखावी तसे ते लांबून कळतात.

पटाशीच्या मोठ्या दाताची रुंदी उंचीच्या ७५ ते ८० टक्के असली की डोळ्याला बरी वाटते. मधली फट रुंद असेल आणि ती केवळ काँपोझिटने बुजवली, तर दोन्ही दात चौकोनी, जाडजूड दिसतात. अशा वेळी आधी तारा लावून फट वाटून घ्यावी आणि उरलेले बाँडिंगने भरावे, हा मार्ग लांबचा पण चांगला.

आकाराची ट्रायल हा या उपचाराचा सर्वात दुर्लक्षित भाग आहे. दातांच्या प्रतिकृतीवर मेणाने किंवा संगणकावर नवे दात घडवतात, त्याचा सिलिकॉनचा साचा घेतात आणि त्यात तात्पुरते द्रव्य भरून न घासलेल्या दातांवर दाबतात. काही मिनिटांत माणूस स्वतःचे होऊ घातलेले हसू आरशात पाहतो. आता बोलून पाहायचे. ‘फुरसुंगी’ म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाच्या ओल्या-कोरड्या सीमेला हलकी टेकावी. ओठ जास्त दबला तर दात लांब झाले. ‘सासवड’ म्हणताना शिट्टी वाजली तर जाडी किंवा लांबी चुकली. घरच्यांना फोटो दाखवून मगच होकार द्यावा. पुढे दात घासायचाच असेल तर याच ट्रायलवरून घासतात, म्हणजे गरजेपुरतेच एनॅमल जाते.

बसवणे

व्हिनिअर आधी नुसते पाण्यावर किंवा ट्रायलच्या पेस्टवर बसवून पाहतात; पातळ कवचाचा अंतिम रंग खालचा दात आणि ते चिकटवणारे सिमेंट मिळून ठरवतात. पसंत पडल्यावर आतली बाजू हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि सायलेन (पोर्सिलेन आणि राळ यांना जोडणारा द्रव) लावून तयार करतात. पातळ व्हिनिअरला फक्त प्रकाशाने कडक होणारे सिमेंट बरे. स्वतःहून घट्ट होणाऱ्या प्रकारातले काही घटक पुढे पिवळे पडतात. हिरडीखाली उरलेला सिमेंटचा कण पुढच्या सगळ्या त्रासाचे मूळ ठरतो.

बाँडिंगमध्ये काँपोझिटचा एक थर २ मिमी.पेक्षा जाड नसावा, नाहीतर प्रकाश तळापर्यंत पोचत नाही. अपारदर्शक थर आत, पारदर्शक बाहेर. शेवटी खरखरीत ते अतिमऊ अशा चकत्यांनी क्रमाने पॉलिश करतात. चांगले पॉलिश झालेले बाँडिंग जिभेला जाणवत नाही. खडबडीत राहिलेले चहा आणि हळद लगेच पकडते.

टिकाऊपणा आणि निगा

नीट बसवलेली दहापैकी सुमारे नऊ पोर्सिलेन व्हिनिअर दहा वर्षांनंतरही जागेवर असतात. काँपोझिटचे आयुष्य साधारण पाच ते सात वर्षे, मध्ये डागडुजी धरून. मात्र काँपोझिट तुटले तर तिथल्या तिथे भर घालता येते, पोर्सिलेनचे कवच तडकले तर बहुधा नवेच करावे लागते. धडधाकट दातांच्या विशीतल्या माणसाने म्हणूनच आधी बाँडिंगचा विचार करावा. घासलेले एनॅमल परत येत नाही आणि त्या दाताला जन्मभर आवरण लागते.

रात्री दात खाण्याची सवय असेल तर नाइट गार्डशिवाय (रात्री दातांवर चढवायच्या संरक्षक साच्याशिवाय) कोणतेही काम टिकत नाही. ऊस सोलणे, लोणावळ्याची चिक्की पुढच्या दातांनी तोडणे, शिवताना दोरा दाताने तोडणे, बाटलीचे झाकण उघडणे हे बंद. राखुंडी आणि कोळशाच्या पावडरी काँपोझिटची चमक घालवतात. व्हिनिअरला कीड लागत नाही, पण त्याच्या कडेशी उघड्या दाताला लागते, म्हणून फ्लॉस चुकवू नये. दात साफ करून घेताना व्हिनिअर असल्याचे आधी सांगावे, म्हणजे सफाईच्या अल्ट्रासॉनिक यंत्राचे टोक कडेवर चालवले जात नाही.

कायद्यानुसार हे काम नोंदणीकृत दंतवैद्यानेच करायचे असते. सौंदर्यप्रसाधन केंद्रांत बसवली जाणारी ‘झटपट’ कवचे त्यात बसत नाहीत. जुने व्हिनिअर बदलताना ते अख्खे निघत नाही. बरने (ड्रिलच्या फिरत्या टोकाने) थोडे थोडे घासून किंवा लेझरने सैल करून ते काढतात, आणि सिमेंटचा रंग दातासारखाच असल्याने हे काम मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली करावे लागते. अन्यथा दर बदलीला खालचे एनॅमल थोडे कमी होत जाते.