निवड झाली, पण जागा मिळेल का?

30 एप्रिल 2022. लास वेगासमध्ये अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे हेल्मेट घालून लंबगोल चेंडूनं खेळतात त्या फुटबॉलचा, ड्राफ्ट संपत आला होता. ड्राफ्ट म्हणजे संघांनी कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीनं निवडायचे. तीन दिवस, सात फेऱ्या, 32 संघ. सगळ्यात शेवटी, 262 व्या क्रमांकावर, आयोवा स्टेट विद्यापीठाच्या ब्रॉक पर्डीचं नाव पुकारलं गेलं. सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सनी त्याला घेतलं. शेवटच्या खेळाडूला तिकडे 1976 पासून ‘मिस्टर इररेलेव्हंट’ म्हणतात. असला काय अन् नसला काय, असा त्याचा अर्थ.

याच संघानं वर्षभर आधी ट्रे लान्स या क्वार्टरबॅकसाठी (चेंडू फेकणारा, संघाची चाल चालवणारा खेळाडू) ड्राफ्टमधला तिसरा क्रमांक मिळवला होता. त्यासाठी मायामी संघाला पहिल्या फेरीतल्या आपल्या तीन निवडी, म्हणजे पाळ्या, आणि वर तिसऱ्या फेरीतली एक मोजली होती. सप्टेंबर 2022 मध्ये लान्सचा घोटा मोडला, डिसेंबरमध्ये त्याच्या जागी खेळणाऱ्या जिमी गरोपोलोचं पाऊल मोडलं आणि पर्डी मैदानात उतरला. ऑगस्ट 2023 मध्ये संघानं चौथ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात लान्सला डॅलस संघाकडे पाठवलं. फेब्रुवारी 2024 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, फॉर्टीनाइनर्सचा क्वार्टरबॅक होता तो 262 वा मुलगा.

ही गोष्ट सांगून झाली की बरेच जण म्हणतात, ‘ड्राफ्ट म्हणजे शुद्ध लॉटरी.’ मला ते पटत नाही. ड्राफ्टमध्ये ज्ञानही आहे आणि नशीबही. कुठे ज्ञान संपतं आणि नशीब सुरू होतं, ते मोजताही येतं.

आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत आहे. तिथे ज्याची थैली जड, त्याला खेळाडू. ड्राफ्टमध्ये पैशांची बोली नसते, पाळी असते. गेल्या हंगामात जो संघ सगळ्यात वाईट खेळला, त्याची पाळी पहिली. सतत हरणाऱ्या फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची ही कल्पना. 1936 मध्ये पहिला ड्राफ्ट झाला आणि त्यात पहिला निवडला गेलेला जे बरवँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही.

आता मुख्य आकडा. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (थेलर यांना पुढे 2017 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) या अभ्यासकांनी वर्षानुवर्षांचे ड्राफ्ट तपासले. एकाच जागेवर खेळणारे दोन खेळाडू घ्यायचे, एक आधी निवडलेला आणि दुसरा त्याच्या लगेच नंतरचा. आधीचा खरोखर सरस निघण्याची शक्यता किती? 52 टक्के. नाणं उडवलं तरी 50 मिळतात.

पण हा आकडा नीट वाचायला हवा. प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत 92.4 आणि 92.2 टक्केवाले शेजारी असतात. त्यांच्यातला हुशार कोण, हे त्या दोन दशांशांवरून कुणी सांगू नये. म्हणून यादीतल्या पहिल्या आणि दोनशेव्या मुलात फरक नसतो असं मात्र नाही. ड्राफ्टचंही तसंच आहे. पहिल्या फेरीतले खेळाडू सरासरीनं सहाव्या फेरीतल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगले ठरतात. स्काउट लोकांना, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्यांना, उतार दिसतो, पायऱ्या दिसत नाहीत. घोळ होतो तो त्या पायऱ्यांसाठी भरमसाट किंमत मोजल्यामुळे.

ती किंमत कुठे दिसते? 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइज संघानं निवडींच्या अदलाबदलीसाठी एक तक्ता बनवला आणि हळूहळू सगळी लीग तो वापरू लागली. त्यात पहिल्या निवडीला 3000 गुण, सोळाव्या निवडीला 1000 आणि बत्तिसाव्या निवडीला 590. म्हणजे एक अव्वल मुलगा हा सोळाव्या क्रमांकाच्या तीन मुलांइतका मोलाचा. मैदानावरची कामगिरी इतक्या वेगानं घसरत नाही. पगार वजा करून संघाच्या हाती काय उरतं ते मॅसी-थेलरनी काढलं, तर सगळ्यात फायद्याच्या निवडी दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीच्या आसपास निघाल्या. त्यांची आकडेवारी जुन्या पगारांची होती हेही सांगायला हवं. 2010 चा पहिला खेळाडू सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांचा आणि 7.8 कोटी डॉलरचा होता. 2011 मध्ये नवोदितांच्या पगाराला मर्यादा आली आणि कॅम न्यूटनला चार वर्षांचे 2.2 कोटी मिळाले. त्यामुळे आज वरच्या निवडी पूर्वीइतक्या महाग पडत नाहीत. स्वतःच्या नजरेवरचा फाजील विश्वास मात्र तसाच आहे. लान्ससाठी चार निवडी मोजल्या त्या 2021 मध्येच.

मला सगळ्यात रस वाटतो तो 40 यार्डांच्या धावेत. इंडियानापोलिसला दरवर्षी ड्राफ्टआधी ‘कॉम्बाइन’ नावाची चाचणी होते. त्यात 36.6 मीटर धावायचं असतं. सुरुवात माणूस बटण दाबून नोंदवतो, शेवट लेझर टिपतो. हाताची प्रतिक्रिया यायला साधारण दोन दशांश सेकंद लागतात, म्हणजे मोजणीतच थोडा सैलपणा आला. तरी 4.4 आणि 4.5 सेकंदांवरून रात्र रात्र चर्चा चालतात. धावेच्या शेवटी एक दशांश सेकंद म्हणजे जवळजवळ एक मीटर.

2017 मध्ये जॉन रॉस हा वाइड रिसीव्हर, म्हणजे पुढे पळत जाऊन पास झेलणारा, 4.22 सेकंदांत धावला. त्या काळचा विक्रम. सिनसिनाटी संघानं त्याला नववा निवडला. पहिल्या हंगामात त्यानं एकही पास झेलला नाही. त्याच ड्राफ्टमध्ये, त्याच जागेवरचा कूपर कप 4.62 सेकंदांत धावला, म्हणजे शेवटच्या रेषेवर रॉसच्या साडेतीन-चार मीटर मागे. तो 69 वा गेला. 2021 च्या हंगामात कपनं 145 पास झेलले, 1947 यार्ड मिळवले आणि सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

यावरून वेगाला किंमत नाही असं म्हटलं, तर आपण संख्याशास्त्रातल्या एका जुन्या खड्ड्यात पडतो. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये जास्त उंच खेळाडू जास्त गुण करतोच असं नाही, कारण बुटके आधीच गाळलेले असतात. कॉम्बाइनचंही तेच. खरोखर हळू मुलं शाळेत आणि कॉलेजात मागे पडलेली असतात, उरलेल्यांमधला फरक अगदी थोडा असतो. यात आणखी एक बारकावा आहे. हळू धावूनही जो इथवर पोचला, त्याच्याकडे दुसरं काहीतरी असणारच. बचाव करणाऱ्याला चकवून वळण्याची अचूकता, हात, खेळाची समज. आणि जो निव्वळ वेगावर पोचला, त्याच्यात नेमकं तेच कमी असू शकतं. म्हणजे गाळणीच अशी आहे, की निवडलेल्यांमध्ये वेग आणि कौशल्य एकमेकांच्या विरुद्ध जाताना दिसतात, मग सगळ्या मुलांमध्ये तसं नसलं तरी. ड्राफ्टच्या दुसऱ्याच दिवशी संघांना प्रगतिपुस्तकासारखे ग्रेड वाटले जातात, त्यात हे कुठेच नसतं. संघाची निवड इतर जाणकारांच्या याद्यांशी किती जुळली, एवढंच तो ग्रेड सांगतो.

आता दुसरा प्रश्न. मुलगा चांगला आहे हे एक, आणि सप्टेंबरमध्ये तो संघात असेल का हे वेगळं. उन्हाळी सरावात प्रत्येक संघाकडे 90 खेळाडू असतात. ऑगस्टच्या अखेरीस 53 ठेवायचे. 32 संघांचे प्रत्येकी 37, म्हणजे 1184 जण एका झटक्यात घरी. खेळाडू ज्याला ‘टर्क’ म्हणतात तो संघाचा माणूस येऊन खांद्यावर हात ठेवतो आणि सांगतो, कोचनी बोलावलंय, प्लेबुक घेऊन ये. डावपेचांची ती वही परत मागितली की काय ते कळतं.

म्हणून सहाव्या-सातव्या फेरीतल्या मुलाची शक्यता अजमावताना मी आधी त्याच्याकडे बघत नाही, खुर्च्या मोजते. क्वार्टरबॅक दोन किंवा तीन. किकर, पंटर, लाँग स्नॅपर हे चेंडूला लाथ मारण्याच्या कामातले तिघे. वाइड रिसीव्हर साधारण सहा. त्यातल्या चार जागा आधीच पक्क्या असतील, तर उरलेल्या दोनसाठी सात-आठ मुलं झुंजतात. आणि पाचव्या-सहाव्या रिसीव्हरला झेलण्याची संधी कमीच मिळते, त्याला किकऑफनंतर (खेळ सुरू करणारी लाथ) पळत जाऊन समोरच्याला पाडावं लागतं. ‘स्पेशल टीम’ची ती कामं जो करतो तो टिकतो. शिवाय सोडलेल्या नवोदिताला आधी ‘वेव्हर’ यादीत टाकावं लागतं, तिथे दुसरा कुठलाही संघ त्याला उचलू शकतो. कुणीच उचलला नाही तरच तो आपल्या प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये, म्हणजे सरावाच्या राखीव तुकडीत, परत येतो. म्हणजे संघ प्रत्येकाबद्दल दोन गोष्टी अजमावत असतो. हा किती चांगला, आणि तो किती जणांच्या नजरेत भरलाय.

पहिल्या फेरीतल्या मुलाला ही धास्ती नसते. बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांनी 1995 मध्ये बास्केटबॉलच्या ड्राफ्टवर दाखवून दिलं, की कामगिरी सारखी असली तरी वर निवडलेल्याला जास्त वेळ खेळवतात आणि जास्त वर्षं ठेवतात. मोजलेली किंमत वाया गेली हे कबूल करणं जड जातं. लान्सला दोन वर्षांत सोडलं, हे म्हणूनच मला त्या संघाचं खरं धाडस वाटतं.

2000 साली न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी सहाव्या फेरीत, 199 व्या क्रमांकावर एक क्वार्टरबॅक घेतला होता. 40 यार्डांना त्याला 5.28 सेकंद लागले होते. त्या जागेवर संघाकडे आधीच तिघे होते. त्यांनी चौथी खुर्ची मांडली आणि पुढे या खेळातला सर्वात यशस्वी क्वार्टरबॅक ठरलेल्या टॉम ब्रेडीला वेव्हरवर टाकलं नाही. त्या अख्ख्या हंगामात त्यानं तीन पास फेकले. एक पोचला, सहा यार्डांचा.