घटपर्णीला आपलं ऊन सोसतं का?

घटपर्णी म्हणजे पानांच्या टोकाला येणाऱ्या घड्यांत किडे पकडणारी वनस्पती. ‘घटपर्णी उष्ण प्रदेशातली, तिला परभणीचं ऊन मानवणारच,’ असं बरेच जण बिनधास्त सांगतात. मे महिन्यात घडे कडेने तपकिरी पडून सुकले, की पुढचा सल्ला ठरलेला: ‘किडे मिळत नसतील, खिम्याचा तुकडा टाका.’ दोन्ही चूक.

उष्ण प्रदेश म्हणजे रणरणतं ऊन नव्हे. बोर्निओ बेटावरच्या किनाबालू डोंगरावरची नेपेंथिस राजा ही घटपर्णीची जात १५०० मीटरच्या वर, ढगांत वाढते. तिला रात्र थंड लागते, १५ अंशांच्या आसपास. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीही पंख्याखाली घाम येतो. ती जात इथे नकोच. भारतातली एकमेव जातही मेघालयातली, पावसाच्या मुलखातली. सखल भागातल्या जातींना ३०-३२ अंश चालतात, पण हवा दमट हवी. मराठवाड्यात ४२ अंशांबरोबर कोरडी झळ येते आणि ती आधी घड्यांच्याच मुळावर उठते. नव्या पानाच्या टोकाला घड्याचा गव्हाच्या दाण्याएवढा कोंब असतो. तो फुगायच्या आधीच काळा पडला, तर समजा हवा कोरडी आहे.

किडे नत्र वगैरे पुरवतात; अन्न पानंच तयार करतात. खिमा घड्यात सडतो आणि घडाही नासवतो.

हौस असेलच तर व्हेंट्राटा ही काटक संकरित जात घ्या. काळी माती नको. धुतलेला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) वापरा. बोअरचं क्षारांचं पाणी तर अजिबात नको, साठवलेलं पावसाचं किंवा आरओचं द्या. कूलरच्या खोलीत ठेवा, पण थेट झोतात नाही.