‘माघार’ म्हणजे नेमकं काय? पुढे चाल आणि अर्धवट सोडलेला सामना

टेनिसचे निकाल देताना आपल्याकडे ‘दुखापतीमुळे माघार’ हे शब्द इतक्या सैल हाताने वापरतात की सामना झाला की झालाच नाही, हेच वाचणाऱ्याला कळत नाही. ‘निवृत्त’ हा तर त्याहून वाईट प्रकार. इंग्रजी निकालात ‘रिटायर्ड’ दिसलं की मराठीत खेळाडू थेट निवृत्त होतो. तो बिचारा दोन आठवड्यांनी दुसऱ्या स्पर्धेत खेळत असतो.

सेट, गेम, टायब्रेक तुम्हाला ठाऊक आहेतच. ७-६(९) मध्ये कंसातला आकडा टायब्रेक हरणाऱ्याच्या गुणांचा, म्हणजे तो टायब्रेक ११-९ असा संपला. २०२२ मध्ये पुण्यातल्या महाराष्ट्र ओपनच्या अंतिम सामन्यात पहिला सेट जुआंव सोसाने असाच काढला होता. बायचंही सोपं आहे: मानांकन वरचं म्हणून पहिली फेरी खेळावी लागत नाही, तिथे प्रतिस्पर्धीच नसतो. घोळ होतो तो वॉकओव्हर आणि रिटायर्ड यांच्यात.

दोन्हींच्या मधली रेषा एकच आहे. सामन्यातली पहिली सर्व्हिस मारली गेली का? गेली नसेल तर वॉकओव्हर, म्हणजे पुढे चाल. मग खेळाडू हॉटेलातून कळवो, नाहीतर कोर्टावर सराव करता करता पाठ धरून बसो. ती सर्व्हिस एकदा मारली गेली की सामना सुरू झाला. त्यानंतर सोडला तर तो रिटायर्ड, साध्या मराठीत ‘सामना अर्धवट सोडला’.

पुढच्या फेरीत जाणारा दोन्ही वेळा जातोच, म्हणून हा फरक किरकोळ वाटतो. तो कळतो जय-पराजयाच्या हिशेबात. अर्धवट सुटलेला सामना पूर्ण मोजतात: एकाच्या खात्यात विजय, दुसऱ्याच्या खात्यात पराभव. पुढे चाल कुणाच्याच खात्यात जात नाही. त्या फेरीचे क्रमवारीचे गुण आणि बक्षिसाची रक्कम मिळते, विजय मिळत नाही.

२०२२ चा राफाएल नदाल घ्या. फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत अलेक्झांडर झ्वेरेव्हचा घोटा मुरगळला तेव्हा निकाल होता ७-६(८), ६-६, रिटायर्ड. दोन सेटही पुरे झालेले नव्हते, तरी नदालचा तो विजय. महिन्याभराने विम्बल्डनच्या उपांत्य फेरीआधी पोटाचा स्नायू फाटल्यामुळे नदालनेच माघार घेतली आणि निक किर्गिओस न खेळता अंतिम फेरीत गेला. हा नदालचा पराभव नाही. म्हणून सप्टेंबरमध्ये अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीत फ्रान्सिस टियाफोने त्याला हरवलं, तेव्हा ग्रँड स्लॅममधली सलग २२ विजयांची मालिका तुटली असं लिहिलं गेलं. मांडून पाहा: ऑस्ट्रेलियात ७, पॅरिसला ७, विम्बल्डनला ५, न्यूयॉर्कला ३. यात झ्वेरेव्हचा सामना धरला आहे, किर्गिओसचा नाही. ‘विम्बल्डनला हरला ना, मग सलग कसे?’ हा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी रेषा चुकीच्या जागी ओढलेली असते.

आमनेसामनेच्या आकड्यांचंही तेच. २०१४ मध्ये लंडनला एटीपी फायनल्सच्या, म्हणजे वर्षाअखेरीस अव्वल आठ खेळाडूंत होणाऱ्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्याआधी रॉजर फेडररने पाठीच्या दुखण्यामुळे माघार घेतली. करंडक नोव्हाक जोकोविचला मिळाला (आलेल्या प्रेक्षकांसाठी मग अँडी मरेला बोलावून एक प्रदर्शनी सेट खेळवला), पण दोघांच्या २७-२३ या हिशेबात ही लढत नाही. फेडररने कारकिर्दीतल्या १,५२६ एकेरी सामन्यांपैकी एकही अर्धवट सोडला नाही, हे खरं आहे. त्याने कधी माघारच घेतली नाही, हे खोटं. पुढे चाल त्याने दिलेली आहे, २०२१ च्या फ्रेंच ओपनमध्ये माटेओ बेरेट्टिनीलाही. एकाच ‘माघार’ शब्दात दोन्ही कोंबलं की ही वाक्यं एकमेकांशी भांडायला लागतात.

अर्धवट सामन्याचा निकाल वाचताना आणखी एक खड्डा आहे. गुण नेहमी पुढे गेलेल्या खेळाडूच्या बाजूने लिहितात. २०२५ च्या विम्बल्डनमध्ये चौथ्या फेरीत यानिक सिनरचा निकाल ३-६, ५-७, २-२, रिटायर्ड असा आहे. छापण्यात चूक नाही. ग्रिगोर दिमित्रोव्ह दोन सेटनी पुढे होता, छातीचा स्नायू दुखावला आणि त्याला थांबावं लागलं. हे आकडे ‘सुधारून’ ६-३, ७-५ करणारे उत्साही लोक दिमित्रोव्हची सगळी मेहनत सिनरच्या नावावर चढवतात.

पहिल्या फेरीत वॉकओव्हर क्वचितच दिसतो, कारण तिथे माघार घेणाऱ्याच्या जागी लकी लूझर, म्हणजे पात्रता फेरीत हरलेला खेळाडू, आत येतो आणि सामना होतो. पूर्वी ग्रँड स्लॅममध्ये जायबंदी खेळाडू पहिल्या फेरीच्या पैशासाठी कोर्टावर उभे राहत. २०१७ मध्ये विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर फेडरर आणि जोकोविच या दोघांचे प्रतिस्पर्धी एकाच दिवशी दुसऱ्या सेटमध्येच सामना सोडून गेले. पुढच्या वर्षीपासून नियम आला: स्पर्धेच्या ठिकाणी येऊन वेळेत माघार घेणाऱ्याला पहिल्या फेरीची निम्मी रक्कम मिळते, उरलेली निम्मी जागा घेणाऱ्याला. हा नियम मला फार आवडतो, तिकीट काढलेल्यांची त्यात कदर आहे.

डिफॉल्ट म्हणजे हकालपट्टी. ती पराभवातच धरतात. २०२० च्या अमेरिकन ओपनमध्ये जोकोविचने मारलेला चेंडू रेषेवरच्या पंचाला लागला आणि त्याची हकालपट्टी झाली, तो निकाल त्याच्या त्या वर्षीच्या पाच पराभवांत आहे.

ड्रॉ, म्हणजे कुणाची गाठ कुणाशी हे दाखवणारा स्पर्धेचा तक्ता, हातात असेल तर विजेत्याचे विजय मोजायची रीत अशी: एकूण फेऱ्या घ्या, त्यातून बाय वजा करा, वॉकओव्हर वजा करा, रिटायर्डला हात लावू नका. २०२३ ची पुण्याची स्पर्धा पाहा. टॅलन ग्रीक्सपूर बिगरमानांकित, म्हणून बाय नाही, फेऱ्या पाच. उपांत्यपूर्व फेरीत मरिन चिलिचचा गुडघा दुखावला आणि ग्रीक्सपूरला पुढे चाल मिळाली. म्हणजे बालेवाडीत विजेतेपद पाच फेऱ्यांचं, २५० गुणही पूर्ण, पण विजय चार. चिलिचला पहिल्या फेरीत बाय होता, दुसऱ्या फेरीचा सामना त्याने जिंकला. त्याचा पुण्यातला हिशेब: एक विजय, पराभव शून्य.